सगळ्यात जलद फेरी

"सात पंचावन्न! आकडेबाई, आज सूर्य कुठून उगवलाय म्हणायचा?" फाटकावरचे मामा ओरडले.

आत येणाऱ्या प्रत्येकाची वेळ मोठ्याने सांगायची ही मामांची खोड. साहेब असो नाहीतर झाडूवाली, सुटका कुणाचीच नाही. एरवी आकडेबाईही एखादा टोला परत करायची. आज तिने नुसती मान हलवली आणि ती आत शिरली. मामांचं काहीच चुकलं नव्हतं, पण जिची झोप उडाली आहे तिला कुणाची थट्टा गोड लागत नाही.

शहरातल्या सगळ्या अॅम्ब्युलन्स जिथून हलतात, त्या सेवेचं हे मुख्य कार्यालय. शहरात नऊ केंद्रं. मदतीचा फोन आला की जवळच्या केंद्रात घंटा वाजते, गाडी निघते, आणि रुग्णाला हात लागला की नर्स मनगटावरचं बटण दाबते. म्हणजे प्रत्येक फेरीच्या दोन वेळा नोंदल्या जातात: हाक आल्याची आणि पोचल्याची. पहिली दुसरीतून वजा करायची, हे आकडेबाईचं काम. ऐकायला इतकं सोपं की तिची आईसुद्धा म्हणायची, "एवढं शिकून शेवटी वजाबाक्याच करतेस होय गं?"

या वजाबाक्यांवरून दर तीन महिन्यांनी केंद्रांचा क्रम लागायचा. तिच्या विभागाच्या साहेबांना मात्र आकडे नको असत. "आकडे दाखवले की लोक भांडतात. रंग दाखवले की गप्प बसतात," असं त्यांचं तत्त्वज्ञान. म्हणून तिचा प्रोग्राम शेवटी फक्त रंग दाखवायचा. पुढची केंद्रं हिरवी, मधली पिवळी आणि सगळ्यात शेवटचं एक लाल. वर्षातून एकदा लाल केंद्र बंद करायचं आणि त्याच्या गाड्या नव्या वस्त्यांकडे पाठवायच्या, असं वरून ठरलं होतं. गेल्या वर्षी कालव्याचं केंद्र असंच बंद झालं. मामा तिथले ड्रायव्हर. माणसं इकडेतिकडे वाटली गेली, तेव्हा मामांच्या वाट्याला फाटक आलं.

या वेळी लाल रंग लागला होता पुलाच्या केंद्राला. आणि पुलाच्या केंद्रात गाडी चालवायचा तिचा सख्खा भाऊ.

यादी करायला घेतली त्याच दिवशी ती साहेबांकडे गेली होती. "मी नको ही यादी करायला. माझा दादा आहे तिथे." साहेब हसले होते. "अगं, प्रोग्रामला काय माहीत तुझा दादा कोण? यंत्र नातं ओळखत नाही, तेच बरं आहे." तिलाही ते तेव्हा बरंच वाटलं होतं. तिचा स्वतःच्या प्रोग्रामवर फार विश्वास होता. इतका, की सख्ख्या भावावर तेवढा नव्हता.

काल संध्याकाळी घरात जे व्हायचं ते झालं. दादाने ताट बाजूला सारलं.

"छोटे, खरं सांग. तूच काढलीस ना ही यादी?"

"मी काय काढणार? वेळा तुम्हीच लोकांनी नोंदवल्यात. त्या जे सांगतात ते मी मांडते."

"वेळा सांगतात! अगं, घंटा वाजली की आम्ही चपला सोडून पळतो. आणि तुझ्या वेळा म्हणतात आम्ही शहरात सगळ्यात ढिले?"

"दादा, पुलावर गर्दी असते, तू गाडी सांभाळून चालवतोस..." ती म्हणाली आणि तिने जीभ चावली. दादा गाडी चालवतो की ढकलतो, हा घरातला जुना विनोद होता. काल त्यावर कुणी हसलं नाही. वहिनी उठून आत गेली. "आपलेच दात आणि आपलेच ओठ," आई पुटपुटली. आणि बाबा आपले खुर्चीत बसून सगळ्यांकडे आळीपाळीने बघत राहिले, जणू भांडण त्यांच्यामुळेच चाललंय.

खरी धास्ती बाबांचीच होती. दोन महिन्यांपूर्वी त्यांना हृदयाचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर हाताशी वेळ थोडा असेल. घर पुलाच्या अलीकडे, केंद्रामागच्या दुसऱ्या गल्लीत. तेवढ्या एका गोष्टीवर आई रात्री डोळे मिटायची. केंद्र बंद झालं की गाडी पलीकडून येणार, तो गर्दीचा पूल ओलांडून. हे दादाला कळत होतं, आईला कळत होतं, आणि आकडेबाईला तर सगळ्यात जास्त कळत होतं. पण वेळा खोट्या कशा करायच्या?

आज दहा वाजता बैठक होती. सगळ्या केंद्रांचे प्रमुख येणार, संचालकबाई सही करणार आणि पुलाच्या केंद्राला कुलूप लागणार.

साहेब आधीच येऊन बसले होते. "बरं झालं लवकर आलीस. बाईंना एक गोड ओळ हवी आहे. प्रत्येक केंद्राच्या नावापुढे त्यांची या तिमाहीतली सगळ्यात जलद फेरी टाक. लालवाल्यांनाही जरा बरं वाटेल."

जखमेवर फुंकर! तिला राग आला, पण तो गिळून ती कामाला लागली. काम क्षुल्लक होतं. प्रत्येक केंद्राच्या फेऱ्यांतला सगळ्यात लहान आकडा शोधायचा. तिने हुकूम दिला आणि पडद्यावर नऊ आकडे उतरले. बाजाराचं केंद्र तीन. डोंगराचं केंद्र चार. स्टेशनचं दोन. असे आठ आकडे, सगळे दोन ते पाचच्या आत.

पुलाचं केंद्र: अडतीस.

तिने कपाळाला हात लावला. सगळ्यात जलद फेरीला अडतीस मिनिटं? मग बाकीच्यांना किती लागली असतील? काल घरात केवढा आवाज चढवला होता याने! चपला सोडून पळतात म्हणे! त्या रागातच तिने ती फेरी उघडली, ही अडतीस मिनिटांची शर्यत कुठे लागली होती ते तरी बघावं म्हणून.

पुरुष. वय एकाहत्तर. छातीत दुखणे. ठिकाण: केंद्राचे फाटक.

तारीख तिला वाचावी लागलीच नाही.

त्या दिवशी दादा चष्मा घरी विसरला होता. बाबा म्हणाले, "मी देऊन येतो, तेवढाच फेरफटका." आणि केंद्राच्या फाटकात, हातात चष्म्याचं घर धरून, ते खाली कोसळले. आत बसलेल्या नर्सने आधी घंटा दाबली, कारण हाक नोंदवल्याशिवाय उठायचं नाही असा नियम आहे, आणि मग सगळे धावले. सगळ्यात पुढे दादा. डॉक्टर नंतर म्हणाले होते, जरा उशीर झाला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो.

अडतीस मिनिटं? अडतीस मिनिटं बाबा त्या फाटकात पडून राहिले असते, तर आज खुर्चीत बसून कुणाचं भांडण ऐकलं असतं त्यांनी?

 तिने पुन्हा हुकूम दिला. या वेळी नुसता आकडा मागितला नाही, वजाबाकीचं पूर्ण उत्तर मागितलं. पडद्यावर अडतीस आलं आणि त्याच्या मागोमाग एक छोटा शब्द आला. सेकंद.

मग तिने बाजाराच्या केंद्राचं पूर्ण उत्तर मागितलं. तीन. मिनिटं.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ती कशी सरकते ते तिला त्या खुर्चीत बसल्याबसल्या कळलं.

ती ज्या संगणकी भाषेत काम करायची, त्या भाषेला एक सवय आहे. दोन वेळांची वजाबाकी सांगितली की उत्तर सेकंदांत द्यायचं, मिनिटांत की तासांत, हे ती आपल्या मनाने ठरवते. समोरच्या ढिगातला सगळ्यात लहान फरक बघते. तो मिनिटाच्या वर असला तर सगळी उत्तरं मिनिटांत देते. पण ढिगात एकच फरक मिनिटाच्या आतला निघाला, तर त्या एकासाठी अख्खा ढीग सेकंदांत मोजते. यात लबाडी नाही, उत्तरामागे ती तसं लिहूनही ठेवते. पण आकडेबाईने प्रोग्राममध्ये प्रत्येक केंद्राचा ढीग वेगळा केला होता, आणि पुढच्याच ओळीत सांगून ठेवलं होतं की मागचे शब्द काढून टाक, मला नुसते आकडे दे. म्हणजे आठ केंद्रांची मिनिटं आणि पुलाच्या केंद्राचे सेकंद एकाच तराजूत पडले होते. नऊ मिनिटांची फेरी तिथे पाचशे चाळीस झाली होती. वर रंगांचा लेप. आकडे समोर असते तर पोरानेसुद्धा ओळखलं असतं.

त्या एका फेरीमुळे. ज्या फेरीत त्यांनी बाबांना उचललं, त्या फेरीमुळे.

तिने एक ओळ बदलली: सगळं मिनिटांतच मोज. पुलाचं केंद्र नऊमध्ये दुसरं आलं. हिरवंगार.

बैठकीला अर्धा तास उरला होता. साहेबांनी सगळं ऐकलं, दोनदा पडदा बघितला आणि उठून खोलीचं दार लावून घेतलं.

"कुणाला सांगितलंस?"

"अजून नाही."

"छान. आता डोकं थंड ठेव. ती एक फेरी काढून टाक. ती फेरी नाहीतरी विचित्रच आहे, गाडी हललीसुद्धा नाही. ती गेली की यादी आपोआप बरोबर येते ना?"

"येते. पण..."

"पण कशाला? पुलाचं केंद्र वाचलं, तुझा भाऊ वाचला, तू वाचलीस, मी वाचलो. सुंठीवाचून खोकला गेला. पुढच्या वेळेपासून ती ओळ दुरुस्त कर, कुणाला कळणारही नाही."

खोटं कशाला बोला, क्षणभर तिला ते पटलं. चांगलंच पटलं. बाण बरोबर बसला होता: केंद्र, दादा, बाबा, नोकरी, सगळं एका फेरीच्या बदल्यात. तिने त्या ओळीवर बोट नेलंही. पुरुष, वय एकाहत्तर, केंद्राचे फाटक. ही ओळ पुसायची. म्हणजे बाबा त्या दिवशी पडलेच नाहीत, दादा धावलाच नाही.

"नाही जमणार, साहेब."

"अगं वेडी आहेस का? बैठकीत उभी राहून सांगणार, माझं चुकलं आणि माझ्या भावाचं केंद्र हिरवं करा? हसतील लोक. बहीण आहेस तू त्याची."

"यंत्र नातं ओळखत नाही म्हणाला होतात ना तुम्ही?"

"यंत्र नाही ओळखत. माणसं ओळखतात."

ते मात्र खरं होतं, आणि ते तिच्याबरोबर बैठकीच्या खोलीपर्यंत गेलं.

लांब टेबलाभोवती नऊ प्रमुख बसले होते. पुलाच्या केंद्राचे प्रमुख समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होते, आणि बाकीचे आठ त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. आपलं घर वाचलं की शेजारच्याच्या आगीकडे बघवत नाही, तसं. संचालकबाई आल्या, चष्मा लावला आणि पेन उघडलं. पडद्यावर नऊ रंग लागले.

"सुरू करा," त्या साहेबांना म्हणाल्या.

साहेबांनी तोंड उघडायच्या आत आकडेबाई उभी राहिली. "बाई, सही करू नका. यादी चुकली आहे. चूक माझी आहे."

तिने सांगायला सुरुवात केली. सेकंद, मिनिटं, सगळ्यात लहान फरक. मध्येच तिच्या लक्षात आलं की कुणालाच काही कळत नाहीये.  डोंगराच्या केंद्राचे प्रमुख खुर्चीत मागे रेलले. "कोणतं केंद्र चुकलं म्हणालात? पुलाचं? वा! घरचाच वकील!"

कुणीतरी फिसकन हसलं. संचालकबाई हसल्या नाहीत.

"तुमचा भाऊ तिथे ड्रायव्हर आहे, हे मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मग मी तुमच्यावर विश्वास का ठेवू?"

"ठेवू नका. मी संगणकाला हातसुद्धा लावत नाही. तुम्ही स्वतः या. जुनाच प्रोग्राम आहे, मी काही बदललेलं नाही." तिने खुर्ची मोकळी केली आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. दुरुस्त केलेली ओळ तिने मुद्दामच परत होती तशी करून ठेवली होती.

बाई क्षणभर थांबल्या. मग उठल्या, संगणकासमोर बसल्या. "सांगा."

"पुलाच्या केंद्राची सगळ्यात वाईट, सगळ्यात उशिराची फेरी काढून टाका. आणि पुन्हा रंग मागा."

बाईंनी तसं केलं. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि रंग परत आले. पुलाचं केंद्र लालच होतं.

"बघा!" डोंगरवाले म्हणाले. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

"आता ती परत ठेवा," आकडेबाई म्हणाली. आवाज आपलाच आहे की दुसऱ्या कुणाचा, असं तिला वाटत होतं. "आणि त्यांची सगळ्यात चांगली फेरी काढा. सगळ्यात जलद. पुन्हा रंग मागा."

पडदा पुन्हा पांढरा झाला. या वेळी तो पांढरा राहण्यात जरा जास्तच वेळ गेला, निदान तिला तरी तसं वाटलं. मग रंग उतरले. पुलाचं केंद्र लालवरून उडी मारून वर गेलं होतं. दुसरं. हिरवं.

 बाईंनी ती फेरी परत ठेवली. लाल. पुन्हा काढली. हिरवं.

"सगळ्यात चांगलं काम पुसलं की केंद्र सुधारतं?" बाई हळू आवाजात म्हणाल्या. "असं कुठे असतं?"

"कुठेच नसतं, बाई. म्हणूनच सांगतेय."

डोंगरवाल्यांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांना आता थट्टा सुचत नव्हती. पुलाच्या केंद्राच्या प्रमुखांनी पहिल्यांदा मान वर केली आणि एवढंच विचारलं, "कुठली फेरी ती?"

"माझे वडील," ती म्हणाली. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलंही नाही.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "आज कुठलंच केंद्र बंद होणार नाही. सगळं पुन्हा मोजायचं, आणि मला आकडे दाखवायचे, रंग नकोत." माणसं उठू लागली, खुर्च्या सरकल्या. पुलाचे प्रमुख दाराकडे जाता जाता फोन लावत होते. दादाला कळायला आता वेळ लागणार नव्हता. आकडेबाईने भिंतीला टेकून एक मोठा श्वास घेतला.

"एक मिनिट," बाई म्हणाल्या. "हा प्रोग्राम कधीपासून वापरतोय आपण?"

साहेब खिडकीबाहेर बघू लागले.

"दोन वर्षं झाली," आकडेबाई म्हणाली, आणि म्हणतानाच तिला पुढचं सगळं समजलं. "म्हणजे गेल्या वर्षी..."

वाक्य तिनेही पुरं केलं नाही आणि बाईंनीही नाही.

आपल्या जागेवर जाऊन तिने गेल्या वर्षीची माहिती उघडली. तेव्हा केंद्रं दहा होती. कालव्याच्या केंद्राचं पूर्ण उत्तर मागताना ती मनात म्हणत होती, मिनिटं असू दे, मिनिटं असू दे. पडद्यावर शब्द आला: सेकंद. सगळं मिनिटांत मोजल्यावर कालव्याचं केंद्र दहामध्ये चौथं होतं.

फोन वाजला. दादा. "छोटे! अगं काय केलंस तू! आमचे प्रमुख सांगत होते, सगळ्यांसमोर उभी राहिलीस म्हणे! आईला सांगितलं मी. बाबा तर म्हणतात..."

"दादा, मी नंतर बोलते."

"काय झालं?"

"मला फाटकावर जायचंय."

संचालकबाईंना तिने आधी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी बोलावून घेते त्यांना. मीच सांगेन." ती म्हणाली, "तुम्ही सांगालच. पण आधी मी सांगते." आणि जिना उतरली.

मामा फाटकापाशी स्टुलावर बसून पाय चोळत होते. "अकरा वीस! कामाच्या वेळी बाहेर? आकडेबाई, आज तुमचं काही खरं नाही."

ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. बैठकीत लोकांना जे कळत नव्हतं ते मामांना सांगताना कसं कोण जाणे, सोपं झालं. तुमचं केंद्र ढिलं नव्हतं, मामा. शहरात चौथं होतं. एका फेरीला तुम्ही फार लवकर पोचलात, आणि त्यावरून माझ्या प्रोग्रामने तुम्हाला शेवटचं ठरवलं. मी ते बघायला हवं होतं. नाही बघितलं.

मामांनी पाय चोळणं थांबवलं होतं. ते चिडतील, शिव्या देतील, अशी तिची तयारी होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कुठली फेरी?" त्यांनी विचारलं.

"स्त्री. वय चोवीस. बाळंतपण. ठिकाण, केंद्राचा दरवाजा."

"ती होय!" मामांचा चेहरा उजळला. "नवऱ्याच्या दुचाकीवरून आली होती बिचारी, दारातच बसली खाली. मी आणि नर्सबाई असे धावलो! गाडीत घ्यायलासुद्धा वेळ नव्हता. मुलगी झाली. दोघी सुखरूप." ते हसत होते, आणि हसता हसता त्यांचं हसू हळूहळू विरून गेलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"मग काय करायला हवं होतं आम्ही, बाई? जरा थांबून निघायला हवं होतं?"

 बाहेर कुणाची तरी गाडी येऊन थांबली होती आणि हॉर्न वाजवत होती. मामा उठले, त्यांनी फाटक उघडलं आणि गाडी आत घेतली. वेळ मात्र सांगितली नाही. फाटकाची कडी हातात धरून ते तसेच उभे राहिले, आणि आकडेबाईही त्यांच्या शेजारी उभी राहिली.